खाऱ्या पाण्याच्या टाकीला दिवा कोणता घ्यावा?

खाऱ्या पाण्याची टाकी घरी ठेवायचं ठरलं की काच, मीठ, पंप यांचे भाव माणूस कसेबसे जुळवतो आणि दिव्यापाशी येऊन थांबतो. गोड्या पाण्याच्या टाकीवर तीन-चारशे रुपयांची एलईडी पट्टी वर्षानुवर्षं चालते. इथे मात्र पहिलाच दिवा पंचवीस-तीस हजारांचा दाखवला जातो आणि ‘याच्याशिवाय कोरल जगत नाही’ असं वर सांगितलं जातं. पुण्यात बिबवेवाडीतल्या मध्यम फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन फुटी टाकी ठेवू पाहणाऱ्याने तेवढ्यावरून माघार घ्यायची मुळीच गरज नाही.

दोन-तीन फुटी घरगुती टाकी आणि आपल्या देशात कायद्याने पाळता येणारे जीव एवढाच विचार केला, तर चार-पाच हजारांत दिव्याची चोख सोय होते. अट एकच. दिवा घेण्याआधी टाकीत कोण राहणार ते पक्कं करायचं. बहुतेक जण उलट करतात. आधी दिवा येतो आणि मग त्याच्याखाली काय ठेवता येईल याचा शोध सुरू होतो. जादा पैसे तिथेच जातात.

आधी रहिवासी ठरवा

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाक्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली फक्त माशांची, दुसरी मासे आणि मऊ प्रवाळांची, तिसरी कठीण प्रवाळांची.

माशांना जगायला खास दिवा लागत नाही. त्यांना दिवस-रात्रीची ठरावीक लय हवी आणि आपल्याला ते नीट दिसायला हवेत. क्लाउनफिश, डॅमसेल, गोबी यांच्यासाठी दोन फुटांची साधी एलईडी ट्यूब आणि जोडीला एक निळी पट्टी पुरते. हजार-बाराशे रुपयांत काम होतं. क्लाउनसोबत समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन, ठेवलंच पाहिजे असा समज आहे. हॅचरीत वाढलेला क्लाउन त्याच्याशिवाय उत्तम राहतो. अ‍ॅनिमोनला मात्र जोरदार प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, तेव्हा पहिल्या वर्षी तो घेऊ नये. तेवढ्याने दिव्याचा खर्च निम्म्यावर येतो. क्लाउनच्या प्रजननाचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे केव्हाच विकसित केलं आहे. महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. म्हणून दुकानात ‘हॅचरीचा आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

दुसऱ्या प्रकारात मशरूम कोरल, झोअँथिड (छंदिष्टांच्या तोंडी ‘झोआ’), लेदर कोरल असे मऊ प्रवाळ येतात. यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि तयार झालेल्या अन्नातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. दिव्याचा खरा ग्राहक हे शैवाल आहे. मऊ प्रवाळांतल्या शैवालाला मध्यम, काहींना तर मंद प्रकाशही चालतो.

तिसरा प्रकार कठीण प्रवाळांचा. चुन्याचा सांगाडा बांधणाऱ्या या प्रवाळांतल्या कित्येकांना भर उन्हासारखा प्रकाश लागतो आणि महागडे दिवे मुख्यतः त्यांच्यासाठी बनतात. पण सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात २०२० साली वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या. त्यासाठी महापालिकेलासुद्धा वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या हातून ते काम झालं. मग आपल्या हॉलमध्ये कोणी पिशवीतून आणून दिलेला कठीण प्रवाळ बेकायदा असणार, हे वेगळं सांगायला नको. अशा गुन्ह्याला किमान ३ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. समुद्रातून काढलेला मेलेला प्रवाळ-खडकही यातून सुटत नाही. सजावटीसाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले खडक घ्यावेत.

वर सांगितलेले मशरूम, झोआ आणि लेदर या संरक्षित गटांत येत नाहीत. तरी विक्रेत्याकडून जातीच्या नावासह पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. नाव सांगता येत नसेल तर तो जीव घेऊ नये.

हा मुद्दा लांबवला याला कारण आहे. कठीण प्रवाळ वगळले की सर्वांत महागड्या दिव्यांची गरजच संपते. आता प्रश्न उरतो तो मध्यम प्रकाशाचा.

खोक्यावरचे आकडे वाचायचे कसे?

दिव्याच्या खोक्यावर चार प्रकारचे आकडे भेटतात. त्यांतला कोणता कशाचा, हे कळलं की विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. बिलासाठी तो महत्त्वाचा, प्रवाळासाठी फारसा नाही. ‘लिटरमागे इतके वॅट’ हा जुना नियम ट्यूबच्या जमान्यातला आहे, एलईडीला तो लावू नये.

ल्यूमेन आणि लक्स माणसाच्या डोळ्याला किती उजेड जाणवतो ते सांगतात. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला जास्त संवेदनशील असतो, गडद निळ्याला कमी. प्रवाळातल्या शैवालाला मात्र निळाच प्रकाश जास्त उपयोगी पडतो. त्यामुळे उत्तम निळा दिवा ल्यूमेनमध्ये दुबळा दिसतो.

केल्विन हा रंगछटेचा आकडा. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर दिवा. आपल्याकडे ‘कूल डेलाइट’ म्हणून विकले जाणारे घरगुती दिवे ६५०० केल्विनचे असतात. रीफ टाकीचे, म्हणजे प्रवाळांच्या टाकीचे, निळसर पांढरे दिवे १०,००० ते २०,००० केल्विनचे. पिवळा दिवा टाकीवर नको. ६५०० चा पांढरा आणि वेगळा निळा अशी जोडी लावली की दोघांची मिळून छटा रीफच्या दिव्याजवळ जाते.

पार हा चौथा आकडा. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे, किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पोचतात त्याचं हे मायक्रोमोलमधलं माप. भर दुपारी उघड्या उन्हात ते २,००० च्या आसपास असतं. मशरूमला ३० ते ८० पुरेसं, झोआ आणि लेदरला ७५ ते १५०. अनेक कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतं. तुमचं उद्दिष्ट ५० ते १५० च्या दरम्यान आहे, एवढं लक्षात ठेवा. त्याहून जास्त देण्यात फायदा नाही. उलट काचेवर शेवाळ चढतं आणि प्रवाळ पांढरा पडण्याचा धोका वाढतो.

निळ्याचं महत्त्व समुद्रातून आलं आहे. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं आणि निळा खोलवर उतरतो. प्रवाळ आणि त्यातलं शैवाल त्या निळ्या उजेडाला सरावलेले आहेत. त्यातही प्रत्येक प्रवाळ लख्ख पाण्यात राहतो असं नाही. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत आणि तिथलं पाणी वर्षातला बराच काळ गढूळ असतं. कमी उजेडात तग धरणारे प्रवाळ आपल्याच किनाऱ्यावर आहेत.

बाजारात काय मिळतं?

महागडे नामांकित दिवे: इकोटेकचा रेडिऑन, रेड सीचा रीफएलईडी, केसिल, एआय प्राइम. बनावट उत्तम, मोबाइलवरून सगळं नियंत्रण, प्रकाश सारखा पसरतो. कठीण प्रवाळ ठेवायचे नसतील तर त्यांची बहुतेक ताकद वापरात येत नाही. निम्म्या जोरावर चालवायचा दिवा पूर्ण किमतीत घ्यायचा का, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. बेताचं बजेट असलेल्याला मी नको म्हणेन.

ब्लॅक बॉक्स: चिनी बनावटीचा काळा, चौकोनी, पंखा असलेला दिवा. निळ्या आणि पांढऱ्या एलईडींच्या दोन वेगळ्या वाहिन्या आणि प्रत्येकीला एक बटण. ‘१६५ वॅट’ छापलेल्या खोक्यात ३ वॅटच्या ५५ एलईडी असतात, पण प्रत्यक्षात तो साधारण ११० ते १२० वॅट ओढतो. तीन फुटी टाकीला हा किफायतशीर आहे. दोन फुटी टाकीवर पूर्ण जोरात लावला तर मऊ प्रवाळ भाजून निघतील, तिथे बटणं २०-३० टक्क्यांवर ठेवावी लागतात. घेण्याआधी दुकानात चालू करून पंख्याचा आवाज ऐका. हॉलमध्ये रात्री तो घोंगावत राहतो.

टी-५ ट्यूब: प्रकाश अतिशय एकसारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत. पण रीफच्या ट्यूब दर ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात आणि त्या मिळणंही आता अवघड होत चाललं आहे. स्वस्तात सेट मिळाला तरी पुढच्या ट्यूबचा खर्च जमेस धरा.

मेटल हॅलाइड: जुन्या हौशी लोकांकडून हा दिवा फुकटात मिळाला तरी घेऊ नका. वीज आणि उष्णता, दोन्ही पुण्याच्या उन्हाळ्यात परवडणार नाहीत.

साधे एलईडी फ्लडलाइट: हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आणि बेताच्या खर्चात बसवण्यासारखा. बंगल्याच्या फाटकावर किंवा दुकानाच्या पाटीवर लावतात तेच. एक ६५०० केल्विनचा पांढरा आणि एक निळा. सजावटीच्या निळ्या फ्लडलाइटची तरंगलांबी साधारण ४५० ते ४६५ नॅनोमीटर असते आणि ती शैवालाच्या उपयोगाची असते. स्वारगेटवरून पुढे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे दिवे हव्या त्या वॅटमध्ये मिळतात. आयपी ६५ किंवा त्यावरचा, अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचा आणि मानक चिन्ह असलेला घ्यावा. दिसायला तो रांगडा असतो आणि प्रकाश कमी-जास्त करायची सोय त्यात नसते. ते काम दिव्याची उंची बदलून करायचं.

दोन फुटी टाकीचा हिशेब

टाकी ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची, म्हणजे काठोकाठ १२१ लिटरची धरू. मासे दोन-तीन, बाकी मशरूम, झोआ, एखादा लेदर. दिवे ३० वॅटचे दोन फ्लडलाइट, एक पांढरा, एक निळा. दोन्ही टाकीच्या लांबीच्या रेषेत शेजारी शेजारी, पाण्यापासून साधारण २० सेंटिमीटर वर.

प्रकाश पुरतो का, हे टाकीत पाणी भरण्याआधीच बघता येतं. मोबाइलवर लक्स मोजणारं मोफत अ‍ॅप उतरवून घ्या. खोलीतले दिवे बंद करा, पडदे ओढा आणि फक्त पांढरा दिवा लावा. मधल्या खडकाची जेवढी उंची असणार आहे तेवढा डब्यांचा किंवा पुस्तकांचा ठोकळा रिकाम्या टाकीत ठेवून त्यावर मोबाइल पालथा न घालता, पडदा वर करून ठेवा. प्रकाश मोजणारा सेन्सर पडद्याच्या वरच्या कडेला असतो, त्याच्यावर हाताची सावली पडू देऊ नका. दिव्यापासून ४५ सेंटिमीटरवर ४,००० च्या आसपास लक्स दिसायला हवेत. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की पारचा ढोबळ अंदाज मिळतो, म्हणजे इथे ६० च्या आत-बाहेर. मग तळाशी मोबाइल ठेवा, आकडा बराच उतरेल. कोपऱ्यांत आणखी कमी येईल. हे आकडे एका कागदावर टाकीचा आडवा छेद काढून लिहून ठेवा. पुढे कोणता प्रवाळ कुठे ठेवायचा, हे तो कागद सांगेल.

निळ्या दिव्याचं माप मात्र असं घेऊ नका. लक्स मोजणारं साधन निळ्याला फार कमी लेखतं. सारख्या वॅटचा निळा पांढऱ्याइतकीच किंवा थोडी जास्त भर घालतो असं धरून चाला. मग मधल्या उंचीवर १२० च्या जवळपास आणि तळाशी ७० च्या आसपास पार मिळतो. मऊ प्रवाळांना हवा तो एवढाच. मोबाइलचं माप ढोबळ आहे, त्यामुळे वेगवेगळ्या दिव्यांची तुलना त्यावर करू नये. एकाच दिव्याखालच्या जागांची तुलना आणि वर्षभराने दिवा मंदावला का याची तपासणी, या दोन कामांना ते चांगलं पडतं. कुणा छंदिष्टाकडे खरा पार मीटर असेल तर एका दुपारपुरता मागून आणावा. तो विकत घेण्याची गरज नाही.

खर्च असा: दोन फ्लडलाइट दीड-दोन हजारांत, दोन टायमर हजाराच्या आत, अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची चौकट जवळच्या फॅब्रिकेटरकडून हजार-दीड हजारात. सगळं मिळून चार हजारांच्या आसपास. भाव वर-खाली होतील, पण आकडा पाच हजारांपुढे जाण्याचं कारण नाही.

वीजबिल आणि वेळापत्रक

१,००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. वरच्या टाकीत निळा दिवा रोज साडेनऊ तास आणि पांढरा सहा तास लावला, तर दिवसाला ०.४६५ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १४. युनिटला १० रुपये धरले तर १४० रुपये. तेच २५० वॅटचा मेटल हॅलाइड आठ तास लावला तर महिन्याला ६० युनिट होतात, म्हणजे ६०० रुपये. शिवाय महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे दर चढतात. तुमचं बिल ३०० च्या काठावर असेल तर टाकीची वाढीव युनिटं वरच्या दराने लागतील. तेव्हा हिशेब आपल्या शेवटच्या बिलावरूनच करा.

नोकरीवरून संध्याकाळी परतणाऱ्यांनी सकाळी दिवा लावून काय मिळवायचं? प्रवाळाला घड्याळ कळत नाही, नियमितपणा कळतो. निळा दिवा दुपारी साडेबारा ते रात्री दहा आणि पांढरा दोन ते आठ, असं ठेवलं तर घरची मंडळी जमतात तेव्हा टाकी उजळलेली असते. शेवटचे दोन तास नुसता निळा उजेड राहतो. त्यात झोआंचे हिरवे-केशरी रंग चमकतात आणि मासे सावकाश खडकात शिरतात. एकूण दहा तासांच्या वर दिवे ठेवू नका. ‘रंग छान दिसतात’ म्हणून मध्यरात्रीपर्यंत दिवा चालू ठेवला की शेवाळ वाढतं.

हाताने चालू-बंद करण्याच्या भानगडीत पडू नका, टायमर लावाच. साधा चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहिली तर संध्याकाळी टायमरची चकती पुढे करून घ्यायची सवय ठेवा. वीज गेल्यावर दिव्याची काळजी करू नका, प्रवाळ एक दिवस अंधारात आरामात काढतो. पाणी हलतं राहणं मात्र तातडीचं आहे. म्हणून इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारा पंप जोडावा, दिवा जोडू नये.

पुण्याचा उन्हाळा

प्रवाळाला पाणी २४ ते २७ अंशांचं हवं. ३० च्या पुढे गेलं की तो ताणात येतो आणि आत राहणारं शैवाल बाहेर टाकतो. पांढरा पडणं म्हणतात ते हेच. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या, गच्चीखालच्या घरात दुपारी पाणी सहज तिशी ओलांडतं. तापलेलं पाणी आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की नुकसान दुप्पट वेगाने होतं.

उपाय स्वस्त आहेत. पहिला, त्या दोन महिन्यांत पांढऱ्या दिव्याची वेळ संध्याकाळी सहा ते अकरा करा आणि निळ्याची त्याला धरून सरकवा. बदल एका दिवसात न करता रोज अर्धा तास पुढे न्या. दुसरा, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावा. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. हजारोंचा चिलर टाळणारा हा उपाय आहे. पावसाळ्यात हवा दमट असताना त्याचा उपयोग कमी, पण तेव्हा गरजही कमी. आटलेल्या पाण्याची भर रोज आरओच्या गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नाही, कारण मीठ आटत नाही. तिसरा, काचेचं झाकण काढा. ते उष्णता कोंडतं आणि मिठाचा थर बसला की प्रकाशही अडवतं. मासे उडी मारू नयेत म्हणून डासांच्या जाळीची चौकट बसवा.

खिडकीतल्या उन्हाने दिव्याचा खर्च वाचवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. थेट ऊन टाकीवर नकोच. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन तासाभरात पाणी तापवतं, त्याच्यावर आपला ताबा राहत नाही आणि काच हिरवी होते. टाकी आतल्या भिंतीला लावा.

बसवताना

खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे आणि ते तुषारांच्या रूपाने सगळीकडे पोचतं. टाकीच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. घराच्या मुख्य बोर्डात तो आहे का, अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. या एका गोष्टीत काटकसर करू नये. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी एकदा खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब तळाशी गळून पडेल आणि सॉकेटमध्ये शिरणार नाही. सॉकेट टाकीच्या वरच्या काठापेक्षा उंच आणि बाजूला असावं.

चौकटीचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. तांब्या-पितळेचा एकही भाग पाण्याच्या वर नको, कारण तांब्याचा अंशही प्रवाळाला आणि कोळंबीला विषारी ठरतो. दर आठवड्याला दिवे बंद करून, थंड झाल्यावर, ओलसर फडक्याने त्यांच्यावरचा मिठाचा पांढरा थर पुसा. हा थर काचेवर राहिला तर प्रकाश घटतो आणि अ‍ॅल्युमिनियमवर राहिला तर ते खातो. भाड्याच्या घरात छताला भोकं पाडता येत नसतील तर स्टँडलाच उभी चौकट जोडून घ्यावी. तिच्यात दिवा वर-खाली सरकेल अशा खाचा ठेवाव्यात.

पहिले काही आठवडे

नव्या टाकीत पहिला महिना जिवाणूंची घडी बसते. त्या काळात प्रवाळ नसतो, मग दिवा लावण्याचं कारणही नसतं. दिवा लावला तर तपकिरी आणि हिरव्या शेवाळाला आयतं रान मिळतं.

प्रवाळ आणल्यावर त्याला आधी तळाशी, कोपऱ्यात ठेवा. दिवा कमी-जास्त करता येत असेल तर ३० टक्क्यांपासून सुरुवात करून दर आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवा. फ्लडलाइट असेल तर तो ठरलेल्या उंचीपेक्षा १५ सेंटिमीटर वर बांधा आणि चार ते सहा आठवड्यांत हळूहळू खाली आणा. मशरूम कायम तळाशी राहू द्या, लेदर आणि झोआ मधल्या उंचीवर. झोआ हाताळताना रबरी हातमोजे घाला. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. खडक घासताना त्याचे तुषार डोळ्यांत जाऊ देऊ नका.

मग रोज पाहत राहा. झोआ देठ लांबवून वर ताणले जात असतील तर प्रकाश कमी पडतो आहे. मशरूम कडा आवळून आक्रसत असेल किंवा रंग फिका पडत असेल तर प्रकाश जास्त होतो आहे, त्याला सावलीत हलवा. लेदर दोन-चार दिवस मिटून बसला आणि त्याच्या अंगावर मेणासारखा पापुद्रा आला तर घाबरू नका, तो कात टाकतो आहे. काहीही बदललं तरी पुढचे दोन आठवडे दुसरा बदल करू नका, नाहीतर कशाचा परिणाम कशामुळे झाला हे कळणार नाही. आणि काचेवर शेवाळ आलं की लगेच दिव्याला दोष देऊ नका. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल आणि तेच टाकीत जात असेल, तर आधी पाणी तपासा.

जुना दिवा घेताना

जुन्या दिव्यांच्या बाजारात ब्लॅक बॉक्स पुष्कळ येतात. घेताना दोन्ही वाहिन्या वेगवेगळ्या लावून प्रत्येक एलईडी पेटते का पाहा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हरची तपासणी करून घ्या. पंख्याच्या जाळीत पांढरा किंवा हिरवट गंज असेल तर मीठ आत पोचलं आहे. भिंगं पिवळी पडली असतील तर किंमत निम्मी करा. कितीही स्वस्त असला तरी दुरुस्त केलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर असलेला दिवा घरी आणू नका.

वाचलेले पैसे कुठे घालावेत?

दिव्यात वीस हजार वाचले तर ते तीन गोष्टींत घाला: आरओ यंत्र, पाणी फिरवणारा चांगला पंप आणि मिठाचं प्रमाण अचूक दाखवणारं रिफ्रॅक्टोमीटर. घरगुती टाक्या फसतात त्या बहुतेक वेळा पाण्यामुळे, दिव्यामुळे क्वचितच. दिवा महाग घेऊन पाण्यात काटकसर केली तर प्रवाळ उजेडात मरतो.

दुकानात जाताना या क्रमाने कागदावर लिहून न्या: कोणते जीव, टाकीची लांबी-रुंदी-उंची, किती पार हवा, महिन्याला किती युनिटं परवडतील. या चार ओळी हातात असतील तर कोणताही विक्रेता तुम्हाला गरजेपेक्षा मोठा दिवा विकू शकणार नाही. आणि कठीण प्रवाळ कितीही स्वस्तात, कितीही ओळखीच्या माणसाने देऊ केला तरी घेऊ नका. त्याची जागा मालवणच्या समुद्रात आहे, तिथे जाऊन पाहावा.